आधी पट्टा, मग गिअर, मग बाकीचं

रिमोटवर चालणारा स्वस्तातला रणगाडा घेतला की भेटेल तो एकच सल्ला देतो: बाबा, आधी ते प्लॅस्टिकचे पट्टे काढ आणि धातूचे घाल. सल्ला चुकीचा नाही, पण देणारा पुढचं सांगत नाही. धातूचा पट्टा जड असतो. तो ओढणारं प्लॅस्टिकचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, थोड्याच दिवसांत झिजतं आणि पट्टा दात्यांवरून टकटक घसरायला लागतो. मग स्प्रॉकेट धातूचं. आता झीज गिअरबॉक्समध्ये शिरते. आतले प्लॅस्टिकचे गिअर एखाद्या चढावर करकर आवाज करतात आणि एका बाजूचा पट्टा फिरायचा थांबतो. मग गिअरबॉक्स स्टीलचा. तो ज्या प्लॅस्टिकच्या तळाला चार स्क्रूंनी धरलेला असतो, तो तळ वळताना पिळवटतो. तळ ॲल्युमिनियमचा केला की वजन वाढतं, मोटारी जास्त करंट ओढतात, इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचे मॉसफेट, म्हणजे मोटारींचा करंट सांभाळणारे भाग, तापतात आणि बॅटरी निम्म्या वेळात मान टाकते. हे सगळं निस्तरून झालं की पार्सलमधून आलेल्या मूळ गाडीचं वरचं कवच उरतं. आणि खोका.

माझा या छंदातला जीव नेमका इथे अडकलाय. गाडीतली कमजोरी कधी संपत नाही, ती एका भागातून उठते आणि शेजारच्या भागात जाऊन बसते. तिचा माग काढत जायचं. आज ती कुठे बसलीय हे आवाजावरून, वासावरून, बोटाला लागणाऱ्या चटक्यावरून ओळखायचं. आणि कधीतरी ठरवायचं, की आता ती जिथे आहे तिथे असू दे, आपल्याला चालतंय. हे शेवटचं ठरवणं सगळ्यात अवघड जातं.

या प्रकारातल्या बहुतेक गाड्या १/१६ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याच्या, असतात. चीनच्या हेंग लाँग कंपनीने या प्रमाणातले टायगर, पँथर, शर्मन, टी-३४, लेपर्ड, अब्राम्स असे रणगाडे वर्षानुवर्षं काढले, त्यामुळे खिसा फार मोठा नसलेल्या माणसाला या छंदाचं दार उघडलं. दुसऱ्या टोकाला जपानची तामिया. तिचा १/१६चा संच घेताना हात थरथरतो. तो सुटा येतो, तुम्ही तो सावकाश जोडता आणि नीट जोडला की तो वर्षानुवर्षं नीट चालतो. स्वस्तातला रणगाडा तयार येतो आणि तुम्ही तो सुटा करता. तामियावाल्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या गाडीतल्या अडचणी दुसऱ्या कुणीतरी, फार हुशार माणसांनी, आधीच सोडवून ठेवलेल्या असतात. मग आपण रविवारी सकाळी करायचं काय?

परदेशात दीड-दोनशे डॉलरला मिळणारी ही गाडी पुण्यात पोचेपर्यंत तिची स्वस्ताई बरीच गळते. खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२०मध्ये २० टक्क्यांचं ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७०. शिवाय २०२१च्या जानेवारीपासून खेळण्याला बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र लागतं. धोरण म्हणून त्यात तथ्य असेलही, आपली खेळणी आपल्याकडे व्हावीत हे कुणाला नको आहे? पण १/१६चा रणगाडा आपल्याकडे कुणी बनवतं असं मला तरी माहीत नाही. परिणाम असा, की इथे वापरलेली गाडी हातोहात जाते, बिघडलेली गाडीही जाते, आणि सुटा भाग मागवण्याआधी माणूस पेठेत चक्कर मारून येतो.

या छंदासाठी पुणे सोयीचं गाव आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कनेक्टर, वायर, छोटे स्पीकर, सर्किटला लागणारं चिल्लर सामान मिळतं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत स्क्रू, स्प्रिंगा, पितळी नळ्या, पत्रा. तिथे ‘अडीच एमएमचा, काउंटरसंक, बारा लांबीचा’ असं सांगितलं की दुकानदार न बघता मागे हात घालतो आणि पुडी काढून देतो. ‘रणगाड्याला लागणारा स्क्रू’ असं सांगितलं तर मात्र तो चष्म्यावरून बघतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बंद पडलेले प्रिंटर मिळतात. त्यांच्यातल्या स्टीलच्या दांड्या सरळ, गुळगुळीत आणि कडक असतात, रोडव्हीलच्या, म्हणजे पट्ट्यावरून धावणाऱ्या चाकांच्या, आसांना त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. एरवी ज्या दुकानांत आपण ट्यूबलाइटचा स्टार्टर घ्यायला जात होतो, त्यांच्याकडे या निमित्ताने जरा निरखून पाहिलं गेलं.

आता वजनाबद्दल, कारण नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. टी-७२ हा खरा रणगाडा सुमारे ४१ टनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळाव्या हिश्श्यावर आली की वजन १६ × १६ × १६, म्हणजे ४०९६ने भागायचं. उत्तर येतं १० किलो. खोक्यातून निघालेली प्लॅस्टिकची गाडी भरते साडेतीन-चार किलो. म्हणून ती दगडावरून जाताना उडते, ब्रेक लावला की डुलत नाही आणि रस्त्यावर एखादं रिकामं भांडं घरंगळल्यासारखी वाजते. धातूचे पट्टे, धातूची चाकं, धातूचा तळ घालून आणि आत वजनं चिकटवून तिला सात-आठ किलोंवर नेता येतं. वजनांसाठी मी टायरवाल्याकडचे चाक बॅलन्स करायचे चिकट तुकडे वापरतो. ते तळाशी आणि मधोमध लावायचे. टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, भरले तर वळताना गाडी कलंडल्यासारखी दिसते. आणि वजन वाढलं की मूळच्या स्प्रिंगा बसतात, गाडी पोटावर चालायला लागते. पुन्हा बोहरी आळी.

एवढं करूनही एक गोष्ट जुळत नाही, आणि ती पैसे टाकून जुळणारीही नाही. गुरुत्वाकर्षण सोळाव्या हिश्श्यावर येत नाही. सोळा मीटरवरून खाली पडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या पाव वेळेत वस्तू एका मीटरवरून पडते. म्हणजे आपल्या छोट्या गाडीचं डोलणं, आपटणं, सावरणं सगळं खऱ्याच्या चौपट घाईने होतं. डोळ्याला ती घाई लगेच कळते, मेंदू म्हणतो, ‘खेळणं’. याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. फोनवर १२० फ्रेमने चित्रण करायचं आणि ३० फ्रेमने बघायचं. मग गाडीच्या पट्ट्याखालून उडालेला मुरूम अचानक ढेकळांसारखा सावकाश खाली येतो, नाक हळूच खाली झुकतं, पुन्हा वर येतं. सिनेमावाल्यांनी छोट्या प्रतिकृतींवर हाच हिशेब वापरून बोटी बुडवल्या आणि इमारती पाडल्या. तळजाई टेकडीच्या पायवाटेवर जमिनीला फोन टेकवून घेतलेलं माझं एक चित्रण मी शेजारच्या सुभेदारकाकांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि म्हणाले, “ही कुठली फायरिंग रेंज?”

सुभेदारकाका साताऱ्याकडचे. चिलखती दलात टी-७२वर नोकरी झाली, आता मुलाकडे आमच्या सोसायटीत राहतात. माझा छंद कळल्यावर एका संध्याकाळी ते खाली पार्किंगमध्ये आले, हात मागे बांधून उभे राहिले आणि मी माझा छोटा टी-७२ फिरवून दाखवला. पुढे, मागे, मग दोन पट्टे उलट दिशांना फिरवून जागच्या जागी गिरकी. मला वाटलं, गिरकी त्यांना आवडेल.

“हे असं जागेवर भिंगरीसारखं फिरतंय व्हय?”

“हो काका.”

“आमची फिरत नव्हती. एका बाजूचा पट्टा धरायचा, दुसऱ्यावर वळायची. जागा लागायची तिला. आणि रिव्हर्सला एवढी पळती? रिव्हर्सला आम्ही चालत तिच्या पुढं जात होतो.”

दोन्ही गोष्टी खऱ्या. टी-७२ला जागच्या जागी वळता येत नाही, टायगरला येत होतं. आणि टी-७२चा मागे जाण्याचा वेग ताशी ४ किलोमीटरच्या आसपास आहे. सोळाने भागला तर सेकंदाला ७ सेंटिमीटर. माझी गाडी त्याच्या कितीतरी पट वेगाने मागे सुटत होती. तोवर अपग्रेड म्हणजे माझ्या लेखी भर घालणं होतं: जास्त ताकद, जास्त धातू, जास्त आवाज. काकांनी त्या संध्याकाळी एक कामांची यादीच दिली आणि त्यातली बहुतेक कामं गाडीकडून काहीतरी काढून घेण्याची होती. जागेवरची गिरकी बंद. मागचा वेग बंद म्हणण्याइतका कमी. धूर मागून नको, डाव्या बाजूने हवा, कारण टी-७२चा एक्झॉस्ट डावीकडे आहे. आणि एक मात्र वाढवायचं. गोळा सुटला की तोफेची नळी आपोआप जराशी वर जाऊन थांबली पाहिजे, कारण तिथे माणूस गोळा भरत नाही, यंत्र भरतं. त्या यंत्राला नळी एका ठरावीक कोनात लागते. भरून झालं की नळी परत निशाण्यावर. या गाडीत तीनच माणसं असतात ती त्यामुळेच.

हे सगळं मूळच्या बोर्डावर होत नाही. या गाड्यांसोबत येणारा बोर्ड एका पाटावर सगळं मांडून देतो, म्हणजे मोटारी, आवाज, दिवे, धूर, गोळी. पण त्याच्या आत हात घालू देत नाही. जुन्या गाड्यांत तर रिमोट २७ किंवा ४० मेगाहर्ट्झवरचे असायचे आणि दोन गाड्या शेजारी लावल्या की एकीच्या रिमोटवर दुसरी हलायची. २.४ गिगाहर्ट्झ आल्यावर तो त्रास गेला. पण गाडीच्या स्वभावात बदल करायचा तर बोर्ड आपला हवा. ओपन पँझर नावाचा एक खुला प्रकल्प आहे. त्याचा बोर्ड एटीमेगा २५६० या चिपवर बेतलेला आहे, छंदिष्टांच्या आवडत्या आर्डुइनो मेगा या बोर्डात असते तीच चिप. रचनाही खुली, सॉफ्टवेअरही खुलं. गाडीने किती सावकाश वेग घ्यायचा, किती लांबवर थांबायचं, मागे जास्तीत जास्त किती वेगाने जायचं, हे आकडे आपण टाकायचे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कंट्रोल सिस्टिम नावाचा विषय मी पाठ करून सुटलो होतो. तोच विषय आता टेबलावर, टॉर्चच्या उजेडात, रात्री साडेअकराला मला समजायला लागला.

वेग सावकाश घेण्याचा आकडा वाढवल्यावर जो फरक पडला, तो पट्ट्यांनी, चाकांनी, वजनाने मिळून पडला नव्हता. काडी पुढे ढकलली की गाडी लगेच उसळत नाही. आधी इंजिनचा आवाज चढतो, मग पट्टा ताणतो, मग नाक किंचित उचलतं आणि गाडी निघते. सॉफ्टवेअरमधला एक आकडा, किंमत शून्य. म्हणून मी आता नवीन येणाऱ्याला उलटा क्रम सांगतो. आधी मेंदू बदल, अंग नंतर. कुणी ऐकत नाही. धातूचा पट्टा हातात घेतल्यावर जो थंड, जड, खुळखुळता अनुभव येतो, त्याच्यापुढे सॉफ्टवेअरचं कोण ऐकणार? मीही ऐकलं नसतं.

धुराबद्दल थोडक्यात. धुराच्या डबीत एक तापणारी तार असते आणि तिच्यावर तेल टपकतं. तेल संपलं आणि तार तापत राहिली की ती जळते. घरात चालवली की पडद्यांना वास येतो. काकांची डाव्या बाजूची सूचना मी नळी वळवून पाळली आणि महिनाभराने डबीच काढून टाकली. त्या जागेत मोठा स्पीकर बसला. तो सुटा न ठेवता बंद डबीत बसवला की आवाजाला खोली येते. व्ही-१२ डिझेल इंजिनाचा आवाज चार सेंटिमीटरच्या उघड्या स्पीकरमधून आला की शिलाई मशिन आठवतं.

गोळीबाराचंही तसंच. या गाड्या ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी मारतात. घरात लहान मूल असेल तर ते यंत्र पहिल्याच दिवशी काढावं आणि त्याऐवजी इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांवर, खेळावं. तामियाने रूढ केलेल्या पद्धतीत हलका रणगाडा ३ फटक्यांत, मध्यम ६, आणि जड ९ फटक्यांत बाद होतो. कुणाला लागत नाही, गोळ्या वेचाव्या लागत नाहीत. मोकळ्या उन्हात इन्फ्रारेड नीट पोचत नाही, त्यामुळे लढाया संध्याकाळी पाचनंतर. पुण्यात तोवर चहाची वेळ झालेली असते आणि लढाई बऱ्याचदा तिथेच संपते.

पट्ट्यापासून बॅटरीपर्यंत सरकत जाणाऱ्या कमजोरीची गोष्ट खऱ्या रणगाड्यांचीही आहे हे मला फार उशिरा, वाचता वाचता कळलं. जर्मन पँथरचा आराखडा ३० टनांच्या वर्गातला म्हणून सुरू झाला. चिलखत वाढत गेलं आणि तो ४५ टनांच्या आसपास जाऊन थांबला. इंजिन झेपलं, तोफ उत्तम होती, सगळा भार येऊन पडला तो पट्ट्याला फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांवर, फायनल ड्राइव्हवर. जुलै १९४३मध्ये रशियातल्या कर्स्कच्या लढाईत पँथर पहिल्यांदा उतरले तेव्हा शत्रूच्या गोळ्यांइतकेच ते स्वतःच्या बिघाडांनी रखडले. फायनल ड्राइव्ह शेवटपर्यंत त्याचं दुखणं राहिलं. हे वाचलं तेव्हा माझ्या टेबलावर दाते उडालेला गिअर पडलेला होता, आणि मला उगाचच जर्मन अभियंत्यांबद्दल आपुलकी वाटली. त्यांच्या बाजूबद्दल नव्हे, फक्त गिअरबद्दल.

आपल्या टी-७२चंही बघा. १९७०च्या दशकाच्या शेवटी तो आपल्या सैन्यात यायला लागला, मग चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बनला, ‘अजेय’ झाला. त्याच्यावर स्फोटक चिलखताच्या, म्हणजे गोळा आदळला की स्वतःच फुटून त्याचा जोर मोडणाऱ्या, विटा चढल्या. या विटा विकसित करणारी संस्था, एचईएमआरएल, इथे सुतारवाडीला आहे. पाषाणवरून जाणाऱ्या बसमधल्या किती लोकांना हे ठाऊक असेल? विटा आल्या, यंत्रणा आल्या, वजन वाढलं, इंजिन मात्र तेच ७८० अश्वशक्तीचं. मार्च २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने रशियाच्या कंपनीशी १००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा २४.८ कोटी डॉलरचा करार केला. जवळपास पन्नास वर्षांच्या गाडीला नवं इंजिन. बातमी वाचून मी काकांना म्हटलं, “बघा, तुमचं खातंही मोटार बदलतंय.” काकांनी पेपर घडी करून ठेवला. “मोटार बदलली की गिअरबॉक्सवर येणार बघ,” म्हणाले. ते खरं होईल का, सैन्याने त्याची काय तजवीज केली असेल, हे आम्हा दोघांना कळण्याचं कारण नाही. पण हिशेब आमचा दोघांचा एकच होता.

रंगकाम हा या छंदाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तिथे मी जरा कमी पडतो, म्हणून थोडंच लिहितो. खोक्यातली गाडी चकचकीत असते. पहिली पायरी म्हणजे ती मॅट करणं. एवढ्यानेच ती निम्मी खरी दिसायला लागते. धुळीसाठी महागड्या पावडरींच्या डब्या मिळतात, पण तळजाईवरचा मुरूम वस्त्रगाळ करून, त्यात जरासा गेरू घालून, पातळ मॅट वार्निशने बसवला की तेच काम होतं. मी मोठ्या हौसेने गाडी चाकांपासून टरेटपर्यंत माखली. काकांनी विचारलं, “गाडी परेडची का एक्सरसाइजची?” परेडची असेल तर पट्टेसुद्धा काळे चकचकीत हवेत आणि धुळीचा कण नको. एक्सरसाइजची असेल तर धूळ राजस्थानातली हवी, महाजन रेंजवरची, फिकट पिवळी, पिठासारखी, आणि ती खालीच नाही, सगळीकडे हवी, “आमच्या नाकातसुद्धा असायची.” माझी तांबूस मुरमाने माखलेली गाडी म्हणजे पुण्याबाहेर कधी न गेलेला टी-७२. मी ती तशीच ठेवली. ती पुण्याचीच आहे.

ज्यांना रंग आणि पृष्ठभाग नीट समजून घ्यायचा आहे त्यांनी अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघावं. पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत, १९९४पासून उघडं. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, जपानी हा-गो, आपला विजयंता, पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन, सगळे उघड्यावर उभे आहेत. बहुतेक लोक तोफेच्या नळीपुढे उभं राहून फोटो काढतात. आमच्यासारखे लोक वाकून पट्ट्याखाली बघतात. ओतीव पोलादाचा टरेट कधीच गुळगुळीत नसतो, त्यावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे असतात. वेल्डिंगचे सांधे बोटाएवढे जाड आणि ओबडधोबड असतात. हे एकदा डोळ्याने पाहिलं की आपल्या गाडीचा प्लॅस्टिकचा सपाटपणा सहन होत नाही. मग पुट्टी, जुना टूथब्रश, आणि ओल्या पुट्टीवर ठोकत बसायचं. यापेक्षा शांत संध्याकाळ मला दुसरी माहीत नाही.

तिथेच सेंच्युरियनपुढे उभं असताना मला दर वेळी जरा अवघडल्यासारखं होतं. पूना हॉर्स या रेजिमेंटच्या नावात आपलं गाव आहे. दुसरे बाजीराव पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या १८१७च्या तहातून ती उभी राहिली. १९६५मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, दोघेही याच रेजिमेंटचे, दोघेही सेंच्युरियनवर होते, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. खेत्रपाल तर जन्माने पुण्याचे, आणि गेले तेव्हा २१ वर्षांचे. ज्या गाडीत माणसं भाजून मेली तिची प्रतिकृती करून पार्किंगमध्ये फिरवणं यात काही खटकत नाही का, असं मला आमच्या एका मावशींनी विचारलंही होतं. खटकतं. मी काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “गाडी आमचं घर होती. घराचं मॉडेल करतात की लोक.” मला हे उत्तर पुरं वाटलं नाही. पण ते त्यांचं आहे, आणि त्यांच्याकडे ते देण्याचा अधिकार आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. माझं स्वतःचं उत्तर सापडेपर्यंत मी एवढंच पाळतो, की गाडीवर खऱ्या माणसाचं किंवा खऱ्या गाडीचं नाव रंगवत नाही.

सध्या टेबलावर अर्जुन, आपला देशी रणगाडा, आहे, म्हणजे कागदावर आहे. चिनी कंपन्यांच्या याद्यांत अर्जुन किंवा विजयंता मला कधी दिसला नाही, आणि अर्जुनची १२० मिलिमीटरची तोफ तर पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेली. पुण्याच्या माणसाने तो करायचा नाही तर कुणी? वरचं कवच थ्रीडी प्रिंट करून घेता येईल. फक्त पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक वापरायचं नाही, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत टरेट वाकतो. खालची अडचण मोठी. टी-७२ला एका बाजूला सहा रोडव्हील, अर्जुनला सात. म्हणजे तळ लांबवायचा, पट्टा लांबवायचा. वजन काढलं: अर्जुन साडेअठ्ठावन्न टन, भागिले ४०९६, सव्वाचौदा किलो. त्याचा सुधारित अवतार, मार्क-१ए, धरला तर ६८ टन, म्हणजे साडेसोळा. खऱ्या गाडीतही वजन दहा टनांनी वाढलं आणि इंजिन १४०० अश्वशक्तीचंच राहिलं. काकांना आराखडा दाखवला तर त्यांनी हात वर केले. “मी अर्जुनवर नव्हतो. मला विचारू नको.”

चाकं ॲल्युमिनियमची, लेथवर करून घ्यायची ठरवली आणि भोसरीला एका वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग घेऊन गेलो. मालकांनी कागद उजेडात धरला, व्यास बघितला, टॉलरन्स बघितला, आणि विचारलं, “कुठल्या मशिनचं आहे?” मी सांगितलं. त्यांनी पुन्हा कागद बघितला. “मटेरियल तुमचं का आमचं?” या प्रश्नाने मला फार बरं वाटलं. मग म्हणाले, सेटिंगलाच अर्धा दिवस जातो, शंभर नगांच्या खाली परवडत नाही. एका अर्जुनला जोडचाकं धरून २८ लागतात. शंभरांत तीन अर्जुन होतात आणि सोळा चाकं उरतात. एक अर्जुन माझा. बाकीच्या दोघांसाठी माणसं शोधतोय. उरलेल्या सोळांचं काय करायचं ते नंतर बघू, कुणाच्या तरी तुटतीलच.